वस्तादांचा पैलवान

वस्ताद कुणालाही “बरं आहे का” असं विचारत नसत. समोर आलेल्या माणसाचा दंड चाचपून पाहत आणि मगच बोलायला लागत. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात त्यांनी भर मांडवात नवरदेवाचा दंड चाचपला आणि “दूध वाढवा,” एवढं सांगून अक्षता घ्यायला गेले.

बारामतीच्या तालमीत त्यांनी पुष्कळ मल्ल घडवले होते. गुडघा निकामी झाला तेव्हा, पन्नास सालानंतर कधीतरी, ते सांगवीला आमच्या मळ्यात राहायला आले आणि आबांनी हौसेने पाळलेली चितळं त्यांच्या हवाली झाली. तिथेही त्यांनी तालीमच उघडली म्हणायची. थोरल्या नराला ते ‘पैलवान’ म्हणत. पावसाळ्यात तो अंगाने भरला की येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून त्याची पाठ दाखवत.

उन्हाळ्यात मात्र पैलवान माजावर यायचा. दिवसभर ओरडत माद्यांमागे फिरायचा, चाऱ्याला तोंड लावायचा नाही. बरगड्या दिसू लागल्या की वस्तादांचा जीव कासावीस व्हायचा. “खुराक सोडून कुस्ती व्हती व्हय रं?” ते त्याला रागे भरत.

आई म्हणायची, “वस्ताद, भूक न्हाय तर ऱ्हाऊ द्या की. दर साली असंच करतंय त्ये.”

पण ज्या माणसाने जन्मभर पोरांच्या पुढ्यात बसून त्यांना खायला घातलं, त्याला हे पटणार कसं?

एका उन्हाळ्यात तो फारच उतरला. वस्तादांनी त्याची मान बगलेत धरली आणि बांबूच्या नळीने गूळ-तूप कालवलेलं हरभऱ्याचं पीठ पाजलं. दुसऱ्या दिवशीही पाजलं. पैलवानाचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. वस्ताद ते चोळत बसले, पण दिवस मावळायच्या आत तो गेला. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं. आबा त्यांना एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच्याच पोटच्या धाकट्या नराने चारा सोडला. वस्तादांनी पाणी आणि घास ठेवला आणि ते कुंपणाबाहेर बसून राहिले. बरगड्या वर आल्या तरी उठले नाहीत. पाऊस झाला, नर शांत झाला आणि आपणहून खायला लागला. भाद्रपदापर्यंत त्याची पाठ कशी गच्च भरली.

दसऱ्यानंतर वस्ताद नरसिंहपूरला लेकीकडे कायमचे निघाले. बैलगाडी थांबवून ते कुंपणापाशी गेले.

“चांगला भरलाय नाही?” त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणाले.

“व्हय, ताई,” ते म्हणाले. “त्योबी भरला असता.”