ओट्याच्या लपलेल्या क्लिपा
सागवानाचा भुसा नाकात गेला की मला माझी फजिती आठवते. वडगावच्या घरामागे, नदीच्या अंगाला लाकडी ओटा करताना पहिल्या चार फळ्या मी वरून चकचकीत स्क्रू मारून बसवल्या आणि मोठ्या ऐटीत वडिलांना, म्हणजे आबांना, बोलावलं. पायाच्या ऑपरेशननंतर ते खोलीबाहेर पडेनात. ओट्यावर बसून नदी बघायला मिळाली तर तेवढ्यासाठी चार पावलं टाकतील, म्हणून तर हा खटाटोप. आता ओटा म्हणजे घरच, त्यामुळे आबांनी सवयीनं उंबऱ्याशी चपला काढल्या आणि नेमका उन्हानं तापलेल्या स्क्रूवर पाय ठेवला. "आरं, वटा केलाय का तवा?" म्हणत ते आत गेले, ते पुन्हा बाहेर यायचं नावच काढीनात. मी फळ्या उचकटल्या. फळीच्या कडेला खाच पाडून, वर स्क्रू न दिसता फळी आतल्या आत धरून ठेवणाऱ्या क्लिपा दोन तऱ्हेच्या मिळाल्या. एकीनं दोन फळ्यांमधली फट रुंद राहून आबांच्या काठीचं टोक अडकायचं, म्हणून बारीक फटीची घेतली. ओटा पुरा झाला त्या सकाळी आबा पुन्हा अनवाणी आले, टाच टेकवून अंदाज घेतला आणि काठी टेकत थेट कडेला जाऊन नदीकडं तोंड करून बसले. "व्हय, आता जमलं. माझा चहा हितंच आणा." मला मात्र चुटपुट लागली. बायकोला म्हटलं, "एवढं राबलो, पण एक क्लिप दिसत न्हाई. कौतुक कोण करणार?" चहात साखर ढवळत ती म्हणाली, "अहो, न दिसणाऱ्या कामाचं कौतुक कधी झालंय व्हय? मी लग्नापास्नं तेच करतीय की!"