पाय मोडला, शहर उत्तम

माझ्या आत्याइतका पृथ्वीवर विश्वास असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. कुणी देवावर विश्वास ठेवतं, कुणी डॉक्टरवर, माझ्या बाबांसारखे काही भाबडे लोक रेल्वेच्या वेळापत्रकावरसुद्धा ठेवतात. आत्याचा विश्वास फक्त पृथ्वीवर. ती गोल आहे, जरा कललेली आहे आणि आपण तिच्यावर नागपूर नावाच्या ठिकाणी उभे आहोत, एवढं एकदा पक्कं झालं की आत्याला बाकी कशाची चिंता नसे. मुलींच्या शाळेत तिने एकतीस वर्षं भूगोल शिकवला. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "स्थळं सगळी पुण्याकडची येत होती. पर्जन्यछायेच्या प्रदेशात कोण जाऊन राहणार?"

डावं आणि उजवं हे शब्द तिच्या मराठीत नव्हतेच. जेवताना ती मला "आग्नेयेची वाटी सरकव" म्हणायची. एकदा म्हणाली, "तुझ्या नाकाच्या वायव्येला शीत लागलंय," आणि मी गडबडीने तोंड फिरवलं तर लगेच, "आता ईशान्येला गेलं." तिला रोज शाळेत नेणारे सायकलरिक्षावाले काका पंधरा वर्षं हे सोसत होते. "पूर्वेला घ्या," असं आत्याने फर्मावलं की ते पायडल थांबवून शांतपणे विचारायचे, "बाई, थे पूर्व कोन्त्या गल्लीत येते तेवढं सांगा, मी बराबर नेतो." आत्या त्यांना सूर्य दाखवायची. काका सूर्याला हात जोडायचे आणि नेहमीच्याच रस्त्याने न्यायचे.

नागपूरचं ऊन ही तर तिची खासगी मालमत्ता होती. मे महिन्यात आम्ही सगळे कूलरसमोर ओले पंचे गुंडाळून पडलेले असू आणि ही भर दुपारी गच्चीवर थर्मामीटर घेऊन उभी. खाली येऊन "सेहेचाळीस!" असं सांगताना तिचा चेहरा असा असायचा की जणू तिच्या वर्गातली मुलगी बोर्डात आली आहे. चंद्रपूरचे एक पाहुणे एकदा बोलून गेले की आमच्याकडे सत्तेचाळीस होतं. आत्याने विचारलं, "थर्मामीटर सावलीत होता का?" पाहुणे गडबडले. त्यानंतर वर्षभर ती त्यांच्याशी बोलली नाही.

अशी ही बाई स्वतः मात्र शाळेच्या सहलीबरोबर पचमढीपर्यंतच गेलेली होती. ती निवृत्त झाली त्या वर्षी दसऱ्यानंतर एके दिवशी जेवताना तिने सहज सांगितलं, "दादा, मी इस्तंबूलला जाऊन राहिली."

दादा म्हणजे माझे बाबा. त्यांचा घास हातातच राहिला. "कोणासोबत?"

"माझ्यासोबत."

"तिथं आपलं कोण आहे?"

"कोणीच नाही."

"मग काहून जाऊन राहिली? काशी आहे, रामेश्वर आहे. एकट्या बाईनं जायचं ठिकाण आहे का ते?"

आत्याने ताट बाजूला सरकवलं. दिशा न सांगता सरकवलं, म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "एकतीस वर्षं मी पोरींना सांगितलं, हे शहर दोन खंडांत वसलं आहे. एका पोरीनं विचारलं, बाई, बरोबर मधोमध उभं राहिलं तर आपण कुठं असतो? मी तिला वर्गाबाहेर काढलं, दादा. उद्धट होती म्हणून नाही. मला माहीत नव्हतं म्हणून."

पासपोर्ट तर तिने आधीच काढून आणला होता. पंधरा दिवसांचा बेत ठरला, आणि चिवडा, संत्रा बर्फी, छत्री व थर्मामीटर घेऊन आमची आत्या वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी एकटी परदेशी निघाली. स्टेशनवर पोचवायला रिक्षावाले काकाच होते. गाडी हलल्यावर मला हळूच म्हणाले, "ताई, मले भेव वाट्टे. थ्या पूर्व म्हणून कुठं पच्छिमेलेच न जावोत."

सहाव्या दिवशी तार आली. तार इंग्रजीत होती. मराठीत तिचा अर्थ एवढाच होता: पाय मोडला. शहर उत्तम. मुक्काम वाढवते. खाली एका औषधाच्या दुकानाचा फोन नंबर.

मी तेव्हा नागपूरच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. मुंबईच्या एक्सचेंजमधल्या एका ओळखीच्या मुलीला गळ घालून, तारेतल्या त्या नंबरवर आम्ही तिसऱ्या दिवशी फोन जोडून घेतला. आत्या ज्या घरात खोली घेऊन राहिली होती, त्याच घराच्या तळमजल्यावर ते दुकान होतं. बराच वेळ नुसती खरखर, मग कुणाचे तरी पाय वाजल्याचे आवाज, आणि मग आत्याचा खणखणीत आवाज: "ऐक वं! मला खुर्चीसकट खाली आणलं दोन हमालांनी. आणि गंमत सांगू? हमालाला इथं हमालच म्हणतात!"

पाय कसा आहे, ते विचारण्याची सोयच नव्हती. साबणाला साबून म्हणतात, दुकानाला दुक्कान, मैदानाला मेयदान, असा तिचा पाढा सुरू होता. शेवटी बाबांनी माझ्या हातातून फोन ओढला. आयुष्यात जबलपूरच्या पुढे न गेलेले माझे बाबा ओरडले, "तू हलू नको. मी घ्यायला येतो!"

"राहू दे दादा," आत्या म्हणाली. "तुला दिशा समजत नाहीत."

झालं होतं असं की आमच्या नागपूरच्या माणसाला उताराची सवय नाही. आमच्याकडे उतार म्हणजे सीताबर्डीच्या किल्ल्याचा, आणि तोही लष्कराच्या ताब्यात. इस्तंबूलच्या आशियाकडच्या काठावर, आत्या राहत होती त्या उस्कुदार नावाच्या भागातल्या गल्ल्या सरळ समुद्राकडे घरंगळतात. आत्या तिसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या एकीबरोबर घरंगळली. त्यातून दैवाची थट्टा अशी की विमान उतरलं ते युरोपात आणि खोली होती आशियात, पण प्रवासाच्या शिणाने आत्याला पूल यायच्या आधीच टॅक्सीत डुलकी लागली. ज्यासाठी ती एवढ्या लांब गेली होती, ते दोन खंडांमधलं अंतर ती झोपेत ओलांडून आली होती. हे तिने आम्हाला पत्रात लिहिलं नाही. परत आल्यावर फक्त मला सांगितलं, दार लावून.

घरमालकीण होती नेर्मीन हानम. हानम म्हणजे बाई. आत्याच्याच वयाची विधवा, घरी बसून बायकांचे कपडे शिवणारी. तिला मराठी, हिंदी, इंग्रजी यांपैकी काहीच येत नव्हतं आणि आत्याला तुर्की येत नव्हतं. पण आत्याने एक वही केली आणि दोन्हीकडे सापडणारा शब्द दिसला की ती त्यात पकडून ठेवू लागली. भाजी म्हणजे सेब्झे, म्हणजे आपली सब्जीच. पनीर म्हणजे पेयनिर. मेवा म्हणजे मेयवे. मटण ओळखण्यापुरते आणि नको म्हणण्यापुरते दोन शब्द मात्र तिने पहिल्याच दिवशी पाठ केले होते. प्लास्टरमध्ये पाय शिवशिवायला लागून ती कण्हली की नेर्मीनबाई तिच्या गुडघ्यावर थोपटून म्हणायच्या, "साबिर, साबिर." आत्याने आम्हाला लिहिलं, "ही बाई मला सबुरी सांगून राहिली आहे, आणि तीही मराठीत."

कधी कधी शब्द दगाही द्यायचे. थंडी वाढली तेव्हा आत्याने मोठ्या विश्वासाने आणखी एक चादर मागितली. नेर्मीनबाई शिलाई थांबवून तिच्याकडे बघतच राहिल्या. तिकडे चादर म्हणजे तंबू. परदेशी बाईला खोलीच्या आत तंबू ठोकून हवाय, ही बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाली आणि तीन शेजारणी आत्याला बघून गेल्या. दुसऱ्या वेळी मात्र तशाच एका शब्दाने फार मोठं काम केलं. दोन महिन्यांनी आत्याला वाटू लागलं की आपण या बाईवर ओझं होतोय. तिने कुबडीच्या आधाराने उठून बॅग भरली आणि छातीवर हात ठेवून सांगितलं, "मुसाफिर." म्हणजे मी वाटसरू, मला निघालं पाहिजे. नेर्मीनबाईंचा चेहरा उजळला. "मिसाफिर! मिसाफिर!" म्हणत त्यांनी बॅग उघडली आणि सगळे कपडे परत कपाटात लावून टाकले. आत्याला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. खालच्या औषधवाल्याने मोडक्या इंग्रजीत उलगडा केला: तुर्कीत मिसाफिर म्हणजे पाहुणा.

पाय तर त्याच सुमाराला जुळला. पण आत्या येईना. जानेवारीत पत्र: "बर्फ पडून राहिला आहे. उणे दोन. थर्मामीटर सावलीत." बाबा चिडून म्हणायचे, "आता काहून राहून राहिली ती तिथं?" आणि मग कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गुपचूप उणे दोन टिपून ठेवायचे. रिक्षावाले काका दर आठवड्याला फाटकाशी येऊन विचारायचे, "बाईचा पाय कसा हाये?" पाय बरा आहे म्हटलं तरी त्यांचं समाधान होत नसे. "मंग येऊन काहून नाई राहिल्या?"

कारण मला नंतर कळलं. नेर्मीनबाईंचा नवरा त्या दोन काठांमध्ये जाणाऱ्या बोटीवर तिकीट तपासनीस होता. तो गेल्यापासून नऊ वर्षांत बाईंनी बोटीवर पाय ठेवलेला नव्हता. सगळे चांगले धागे आणि बटणं पलीकडच्या काठावर मिळत. त्या अलीकडच्याच मालावर भागवत. हे त्यांनी एका दुपारी सांगितलं. आत्याला त्यातले तीनच शब्द समजले, बाकीचं नंतर औषधवाल्याने सांगितलं. वापूर म्हणजे बोट, हे तिला ठाऊक झालं होतं. दुनिया. आणि वेफात, म्हणजे आपल्याकडचे मुसलमान शेजारी म्हणतात ती वफात. तिन्ही शब्द आत्याने वहीत लिहिले नाहीत. वही मिटून ठेवली.

त्या दिवसापासून आत्याने ठरवलं की पलीकडे जाईन तर हिला घेऊनच जाईन. रोज सकाळी ती काठी घेऊन दाराशी उभी राही आणि म्हणे, "वापूर?" नेर्मीनबाई मान हलवत. आत्या परत येऊन खुर्चीत बसे. असे पाच आठवडे. भूगोलाच्या बाईला वर्गात हट्टी मुली नव्या नसतात. फेब्रुवारी संपता संपता एका स्वच्छ सकाळी आत्या दाराशी गेली, तर नेर्मीनबाई डोक्याला रुमाल बांधून आधीच तिथे उभ्या होत्या.

बोटीत नेर्मीनबाई कठड्याशेजारच्या बाकावर बसल्या आणि लाकडावरून हात फिरवत राहिल्या. रडल्या. मग रडायच्या थांबल्या. बोटीवरच्या चहावाल्याने त्यांना ओळखलं आणि दोन पेले चहा पुढे केला. आत्याचं मात्र सगळं लक्ष दोन्ही काठांकडे होतं. अंतर मोजत मोजत, अगदी मधोमध आल्यावर ती काठी टेकून उभी राहिली आणि खुणांनी विचारलं: तिकडे युरोप, इकडे आशिया, मग आत्ता आपण कुठं?

नेर्मीनबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू या बाईला कुणीतरी प्राथमिक शाळेपासून शिकवायला हवं. म्हणाल्या, "वापूर." बोटीत. आणि चहा निवतोय म्हणून तिला खाली बसवलं.

मार्चच्या शेवटी आत्या परतली, किंचित लंगडत, वहीत दोनशे सात शब्द घेऊन. बाबा स्टेशनवर तिच्यावर रागावण्याची पूर्ण तयारी करून गेले होते, पण तिने डब्यातून उतरताच "दादा, मला धर," म्हटलं आणि त्यांची सगळी तयारी वाया गेली. आठवड्याने ती आपल्या जुन्या शाळेत गेली आणि मुख्याध्यापिकेकडे सातवीचा एक तास मागून घेतला. मी दाराशी उभी होते. नकाशा टांगून ती म्हणाली, "मुलींनो, तुमच्या आयांना मी एक गोष्ट अर्धवट शिकवली आणि एकीला उगाच शिक्षा केली. तुमच्या घरी कुणाची आई त्या वर्गात असेल तर तिला सांगा, बाईंना उत्तर मिळालं. मिळवायला पाय मोडावा लागला." मुली खूप हसल्या. आत्याही हसली, पण नकाशा गुंडाळताना तिने चष्मा दोनदा पुसला.

पुढची सात-आठ वर्षं या दोघींचा पत्रव्यवहार चालला. त्याला पत्रव्यवहार म्हणायचं तर पत्रांना तरी काय म्हणायचं, असा प्रश्न आहे. पत्रात एकही वाक्य नसे. दोघींना समजणारे शब्द तेवढे एकाखाली एक: हवा साफ. चाय. पडदा, नवीन. दुनिया. एवढ्यावरून आत्या दिवसभर आम्हाला तिकडची हकिकत सांगायची, आणि ती कुणालाही खोटी वाटायची नाही.

आत्या गेली ती थंडीत, दोन दिवसांच्या तापाने. तेराव्यानंतर मी इस्तंबूलचा पत्ता शोधला आणि लिहायला बसले. वहीत हवा तो शब्द नव्हता. तिने तो लिहिलाच नव्हता. पण मला तो तिच्याकडूनच माहीत होता. मी लिहिलं: दोस्त. वेफात. सबुरी. आणि खाली, आत्याची भाची मी, हे सांगायला शब्द न सापडून नुसतं माझं नाव.

दीड महिन्याने उत्तर आलं. थरथरत्या अक्षरात चार ओळी. दुनिया. साबिर. मग, मेकान हाझिर. म्हणजे मकान, जागा, तयार आहे. आणि शेवटी माझं नाव लिहून, पुढे मिसाफिर, आणि एक प्रश्न: तारीख?

मी ते पत्र बाबांना वाचून दाखवलं. ते आता पंच्याहत्तरीला आलेले. मला वाटलं, काशी-रामेश्वर काढतील. पण म्हणाले, "उत्तर लिहून टाक. ती बाई वाट पाहून राहिली असेल."

मी वही उघडली. दोनशे सातांमध्ये एक शब्द असा होता की तो आमच्याकडे संत्र्याच्या झाडांना येतो आणि तिकडे वसंत ऋतूला म्हणतात. पत्रावर मी तेवढाच लिहिला: बहार.