तोडायचं नव्हतंच असं झाड

शहाद्याच्या ऑफिसात नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मला एक वजाबाकी शिकवली. कपडे बनवणारी एक कंपनी वर्षाला किती धूर सोडते ते मांडायचं, गावोगावची झाडं किती कार्बन शोषतात ते त्यातून वजा करायचं. बाकी शून्य आली की शर्टाला हिरव्या पानाचं लेबल. पुढच्या काही वर्षांत सगळेच शर्ट असे करू, असं वचनही कंपनीने दिलं होतं. घरातली पहिली पदवीधर मी. आपल्याकडची झाडं जगाच्या कामी येणार, याचं मला फार कौतुक वाटायचं.

झाडांच्या यादीसाठी मला माझंच गाव मिळालं, कळसाडी. यादी मंजूर झाली तरच माझी नोकरी कायम होणार होती, आणि झाडं कमी पडत होती. राहिला होता आमच्या कपाशीच्या बांधावरचा जुना कडुलिंब. तो धरला तर यादी पुरी होत होती. मी टेप लावला, दुसरं टोक वडिलांनी, म्हणजे आबांनी, धरलं.

घरी येऊन फॉर्म वाचला. ‘ही योजना नसती तर झाड तोडलं गेलं असतं का?’ उत्तर ‘हो’ असेल तरच झाड मोजलं जायचं. जे तसंही उभंच राहणार, त्याचं श्रेय कंपनीने घ्यायचं नाही, असा नियम होता.

आईने भाकरी थापता थापता ऐकलं. “निंब कोन तोडनार व्हतं? आखाजीना सनले पोरी माहेरले येतीन, झोका कोठे बांधतीन? तुन्हा बापना डोकावर?”

आबा हसले. मग मला म्हणाले, “‘हो’ लिखं तं तुन्हं काम व्हई जाई ना?”

“होईल.”

“मंग लिख. मी सही करस.”

माझ्या कॉलेजच्या फॉर्मसाठी ते माझ्याकडून सही शिकले होते. ज्या झाडाची फांदीसुद्धा ते छाटू देत नाहीत, तेच तोडणार होतो असं ते माझ्यासाठी लिहून द्यायला तयार होते. मला एकदम ती वजाबाकी दिसली. कडुलिंब काल होता तेवढाच आज होता. कंपनीचा धूरही तेवढाच. आमच्या एका ‘हो’ने फक्त कागदावरचा धूर कमी होणार होता.

मी ‘नाही’ लिहिलं.

“येडी शे का?” आबा म्हणाले, पण त्यांचा आवाज मोकळा झाला होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातले सर फोनवर चिडले. “अगं, एका शब्दाने काय बिघडलं असतं?”

“धूर तसाच राहिला असता, सर.”

त्यांनी यादीची पानं उलटल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, “बांध मोकळे आहेत ना? नवी रोपं लाव. महिनाभर थांबतो.”

संध्याकाळी आम्ही तिघं बांधावर खड्डे खणत होतो. “खोल खन, ऑफिसवाली,” आई म्हणाली. “हाई काय तुन्हा कम्प्युटर शे?”

आबांनी पहिलं रोप हातात घेतलं. “हाई तं यादीमा धरतीन ना?”

“जगलं तर.”

“मंग जगाडूत,” ते म्हणाले, आणि पाण्याची घागर पुढे ओढली.