टर्बोची दोन मिनिटं

जगातलं सगळं डिझेल संपलं, तरी माझ्या थोरल्या साडूंच्या टाकीत दोन लिटर शिल्लक असेल, याबद्दल आमच्या सासुरवाडीत कुणालाच शंका नाही. खालापूरजवळच्या गावात त्यांची भातशेती, आणि दारात टर्बोची, फोर व्हील ड्राइव्हची जुनी जीप. ती ते अनवाणी चालवत. चप्पल घातली की पाय जड होतो आणि जड पाय डिझेल खातो, हे त्यांचं शास्त्र. उगाच वजन नको म्हणून स्टेपनी गोठ्यात ठेवलेली. कुंभिवलीजवळ हायवेवर चाक पंक्चर झालं, तेव्हा ती आणायला त्यांनी मला रिक्षाने घरी पिटाळलं. रिक्षाने जाळलेलं इंधन अर्थातच जीपच्या ॲव्हरेजमध्ये धरलं गेलं नाही.

फोर व्हीलच्या दांड्याला तर हात लावायची सोयच नव्हती. लावणीच्या दिवसांत शेताच्या वाटेवर जीप रुतली. मागे बसलेली त्यांची बायको, म्हणजे माझी मेहुणी, ओरडली, "अवो, तो दांडा वढा की! शोभंला ठेवलाय काय?"

"चारी चाकं फिरली की लय पितंय गं," साडू शांतपणे म्हणाले. "पावनं, तुमी जरा खाली उतरा."

पावणे उतरले. पावण्यांनी ढकललं. घरी पोचलो तेव्हा माझ्या मिशांतही चिखल होता. पण खरी चीड मला पुढेच आली. दारात पोचूनही साडूंनी इंजिन बंद केलं नाही आणि कुणाला उतरूही दिलं नाही. टर्बो तापलेला असतो, इंजिन एकदम बंद केलं तर त्याला तेल मिळत नाही आणि तो आतल्या आत जळतो, म्हणून पोचल्यावर दोन मिनिटं इंजिन चालू आणि सगळे जागेवर, असा त्यांचा नियम होता. ज्या डिझेलसाठी मी चिखल खाल्ला, ते दारात उभं राहून जळत होतं. मी तसं बोललोही.

"पोटाला कमी द्यावं, पावनं," ते म्हणाले, "पन धापा टाकनाऱ्याला एकदम निजवू नये."

कर्जतला मेहुण्याच्या लग्नात तर कहर झाला. नवरदेव जीपमध्ये, भटजी मांडवाच्या दारात येऊन हातवारे करतायत, आणि साडू घड्याळाकडे बघत बसलेत. "मुहूर्त निगून चाललाय!" सासरे ओरडले. "मुहूर्त दुसरा मिलंल, टर्बो नाय मिलायचा," म्हणून ह्यांनी नवरदेवाचा दंड धरून ठेवला. त्या दिवशी मी या माणसापुढे कायमचे हात टेकले.

गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, गाडी चालवणं बंद, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. जीप विकायची ठरली. घ्यायला आलेल्या माणसाशी साडूंनी जराही घासाघीस केली नाही. "पोचल्यावर दोन मिन्टं बसशील ना रं?" एवढंच ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. तो "हो हो" म्हणाला, जीप घेऊन निघाला, समोरच्या टपरीवर तंबाखूसाठी थांबला आणि त्याने खटकन इंजिन बंद केलं. साडूंना ते दिसलं नसावं, पण ऐकू आलं. ते आत गेले आणि दोन दिवस जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं, आणि करता येण्यासारखं काही नव्हतं.

आता डोळ्यांच्या तपासणीला मीच त्यांना माझ्या छोट्या पेट्रोल गाडीतून नेतो. परवा परत आलो. दारात गाडी उभी केली, किल्लीला हात घातला आणि तो तसाच राहिला. मागे मेहुणीनेही दार उघडलं नाही. इंजिन चालू ठेवून आम्ही तिघं जागेवरच बसलो. साडू मान कलती करून ऐकत होते.

"तुमच्या गाडीला टर्बो नाय, म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "उगाच पेट्रोल जालताय, पावनं."

पण बंद करा म्हणाले नाहीत.