जे. पी. नगरला जाताना

मला प्रश्न फार पडतात आणि ते पोटात राहत नाहीत. नवऱ्याबरोबर समुपदेशनाला जायचं ठरलं, तेव्हा जे. पी. नगरमधल्या एका समुपदेशक बाईंना मी फोन लावला आणि वेळ ठरवायच्या आधीच भंडावून सोडलं. दोघांनी एकत्र यायचं की एकेकट्याने? आम्ही तुमच्यासमोरच भांडलो तर तुम्ही मध्ये पडता का? रडू आलं तर तेवढी मिनिटं वाढवून मिळतात का? आणि चूक कोणाची, हे साधारण कधी सांगता?

त्या हसल्या. आधी दोघं या, मग एकेकदा एकटे, मग पुन्हा दोघं. एकट्याने सांगितलेलं दुसऱ्याच्या कानावर जाणार नाही, आणि चूक कोणाची हे मी सांगत नाही. मग एवढा खटाटोप कशाला, असं मला वाटलं. मी कन्नडमध्येच बोलत होते, आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच शिवाजीनगरातलं. नवरा मात्र बाहेरचा, हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांना कन्नड येत नाही ना? मग इथे इंग्रजीतच बोलू. त्यांना परकं वाटायला नको." बाई पक्की आहे, एवढं कळलं.

एक प्रश्न मात्र मी गिळला. तुमच्याकडे येणारे शेवटी एकत्र राहतात का? उत्तराची मला भीती वाटत होती. नवरा पुण्याचा, नोकरीसाठी इथे आलेला. मारतहळ्ळीच्या आमच्या फ्लॅटमध्ये तो कानाला हेडफोन लावून बसायचा आणि मी दुसऱ्या खोलीत. आमचं बोलणं सिलिंडर आणि पाण्याच्या टँकरपुरतं उरलं होतं. तिकडे शिवाजीनगरात माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, शिलाई मशीन बाहेर काढून मागची खोली माझ्यासाठी मोकळी करून ठेवली होती. "स्वल्प दिवस ये गं," ती म्हणायची. थोडे म्हणजे किती, हे ना तिने सांगितलं, ना मी विचारलं.

दर शनिवारी आम्ही गाडीने जायला लागलो. बाईंचा एकच नियम होता, इथलं भांडण गाडीत न्यायचं नाही. मग सिग्नलला बोलायचं काय? नवरा दुकानांच्या पाट्या वाचायला लागला. इतकी वर्षं इथे राहून गड्याला एक कन्नड अक्षर येत नव्हतं. "हे गोल गोल काय आहे?" तो विचारायचा. मी सांगायचे, तो चुकायचा, मी खदखदून हसायचे. एकदा औषधांच्या दुकानाची अख्खी पाटी त्याने एकट्याने वाचली. हिरवा दिवा लागला, मागचे हॉर्न वाजवत होते, आणि हा माझ्याकडे बघत बसला. तेव्हा तो मला फार आवडला. रागही आला, इतके दिवस हा कुठे होता म्हणून.

बाईंच्या खोलीत मात्र तो मोजकंच बोलायचा. एका शनिवारी बाई म्हणाल्या, "तुम्ही फार लांबून येता. पुढचं ऑनलाइन करायचं का?"

ट्रॅफिकला रोज शिव्या घालणारा माझा नवरा सुटलो म्हणेल, अशी माझी खात्री होती.

"नको," तो म्हणाला. "घरी आम्ही दोन खोल्यांत दोन लॅपटॉप उघडून बसू. गाडीत ही माझ्या शेजारी असते."

मला रडू फुटलं. मिनिटं काही वाढवून मिळाली नाहीत.

घरी आल्यावर मी अक्काला फोन केला आणि म्हटलं, "मशीन परत त्या खोलीत ठेव."

"सरी, बरं," ती म्हणाली, आणि फोन न ठेवताच मशीन ओढायला लागली.