भिरभिरे सर आणि ‘स्टारी-आइड’

आमचे सर वर्गात कधी खुर्चीवर बसले नाहीत. बजाजनगरात पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत ते इंग्रजी बोलायला शिकवत. आम्ही सगळे कंपनीतून सुटून तिथे जायचो. आम्ही दमलेले, आणि सर मात्र फळ्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. आम्ही त्यांना भिरभिरे सर म्हणायचो. त्यांनाही ते माहीत होतं.

गाव गंगापूरकडचं. वडील म्हणाले ऊस बघ, हे शहरात पळून आले. एक नोकरी धरली, सोडली. दुसरी धरली, तीही सोडली. टिकला तो एवढा क्लास.

नवा शब्द आला की त्यांचे प्रश्न ठरलेले. “कोण म्हणलं? कुणाला म्हणलं? तोंड कसं होतं? अर्थ मागून बघू.”

त्या वर्षी मी कंपनीत मशीनवर फक्त बायका काम करतील अशी स्वतंत्र लाईन काढायची कल्पना मांडली होती. मीटिंगमध्ये मॅनेजर मला ‘स्टारी-आइड’ म्हणाले. मला त्यातला ‘स्टार’ तेवढा ऐकू आला. संध्याकाळी मी पेढे घेऊनच क्लासला गेले.

मी मॅनेजरांचा शब्द सांगितला. सरांनी पेढा हातात घेतला. “म्हणताना हसले का?”

“हो. सगळेच हसले.”

सरांनी पेढा पुन्हा खोक्यात ठेवला. “तारे हायेत गं त्यात, पण कौतुकाचे नाहीत. डोळ्यांत चांदणं भरलंय, पायाखालचं दिसत नाय, असं म्हणले ते तुला. नव्या नवरीला मायेनं म्हणतात, नव्या नोकराला टोचून.”

माझे कान तापले. सर दुप्पट वेगाने फेऱ्या मारू लागले. “मलाबी लई ऐकवलं लोकांनी. घरच्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून स्टारी-आइड न म्हणता नुसतं येडं म्हणायचे.” मग माझ्यासमोर थांबले. “रडू नको. उद्या जा आन् विचार, पायाखाली नेमकं काय दिसत नाय मला?”

रात्रभर झोप लागली नाही. सकाळी मॅनेजरांच्या केबिनमध्ये जाऊन, जमेल तशा इंग्रजीत विचारलं, “सर, माझ्या कल्पनेतला स्टारी-आइड भाग कुठला?” ते या वेळी हसले नाहीत. मशीन बिघडलं तर कोण बघणार, नव्या मुलींना कोण शिकवणार, असं विचारू लागले. त्यांची उत्तरं शोधायला मला काही महिने लागले. शेवटी पाच-सहा जणींची का होईना, लाईन सुरू झाली.

ते सांगायला धावत गेले, तर क्लासला कुलूप. तशीच सरांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, पिशव्या भरत होत्या. सर अजिंठ्याला गेले होते. तिथल्या मुलींना इंग्रजी शिकवायचं, लेणी दाखवण्याचं काम मुलींनीही करायचं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. ना जागा ठरली होती, ना विद्यार्थी.

“काकू, तुम्ही अडवलं नाही?”

“आजवर दर बारीला अडवलं. ऐकतंय कोण?”

मी त्यांना स्कूटीवरून बसस्टँडवर सोडलं. वाटभर काकू सरांना बोल लावत होत्या. त्या अजिंठ्याच्या गाडीत खिडकीशी बसल्यावर मी खालून विचारलं, “तिथं नाही जमलं तर?”

“नाय जमलं तर नाय जमलं,” काकू पिशवी मांडीवर घेत म्हणाल्या. “पण हितं एकटीनं घोर करत बसण्यापेक्षा तिथं जाऊन भांडते.”