वायर काढलेला आरसा

आमच्या कूलरचा वारा असा होता, की बेसातल्या आमच्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेली माझी बनियान एकदा थेट शहराच्या पार पलीकडं, कळमेश्वरात जाऊन पडली. पुरावा नाही, कारण ती कोणी परत आणून दिली नाही. पण माझा मित्र साक्षीदार होता. आता तो जर्मनीत असतो. साक्षीदार एवढा लांब गेला, की आपल्याच गोष्टी आपल्याला थापा वाटायला लागतात.

कूलर दुकानातलाच, पण त्याचा मेंदू आम्ही दोघांनी घडवला. मे महिन्यात पंप सतत चालवला तर टाकी रिकामी, बंद ठेवला तर कूलरच्या जाळीतली खस कोरडी. म्हणून हवेतला उकाडा ओळखून पंप चालवणारा एक छोटा प्रोग्राम आम्ही लिहिला आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी उघडा ठेवला. ज्याला पाहिजे त्यानं घ्यावा, सुधारावा. त्यात प्रत्येक बदलासोबत एक ओळ लिहावी लागते, काय केलं त्याची. शहाणी माणसं लिहितात, ‘टाकीची पातळी दुरुस्त केली.’ आम्ही लिहायचो, ‘पंप झोपून राहिला होता, लाथ हाणली.’ ‘तुले अक्कल नाही, मलेही नाही, पण पाणी चढून राहिलं.’ अशा ओळींची एक वेगळी ब्रँचच होती, म्हणजे मूळ प्रोग्रामला फुटलेली फांदी, अस्सल वऱ्हाडी.

मग तो नोकरीसाठी गेला. प्रोग्रामही त्याच्यामागं गेला. आता ज्यांनी जन्मात कूलर पाहिला नाही असे लोक त्याच्यावर काचघरातल्या टमाट्यांना पाणी देतात. मित्र त्यांचा मुख्य. मी कोणी नाही. पण त्या ओळी मी रोज उघडून वाचायचो, देवाला उदबत्ती लावावी तसं.

एक दिवस ठरवलं, हे सगळं घरी आणून ठेवावं. पहिल्यांदा डेटा वाचवायला फक्त आजचा कोड उतरवला, मागचा इतिहास सोडून. टमाटे आले, मित्र आलाच नाही. मग पुन्हा बसलो आणि अख्खा साठा उतरवला, सगळ्या ब्रँच, सगळ्या ओळी. याला मिरर म्हणतात, आरसा. माझा उत्साह असा, की त्याला रोज संध्याकाळी मूळ साठ्याशी जुळवून घ्यायची सवयही लावून दिली. तिथं जे नवं येईल ते घ्यायचं, तिथून जे जाईल ते टाकायचं.

“माणूस तिकडं, आरसा माझ्या हॉलमध्ये,” बायको म्हणाली. “आणि धूळ मी पुसू?”

या उन्हाळ्यात मी रामदासपेठेतल्या ऑफिसात असताना मित्राचा मेसेज आला. ‘जुनी ब्रँच आज काढून टाकली आहे. नवीन लोकांचा गोंधळ होतो.’ काढून टाकली आहे! ज्यानं मला कधी बे म्हटल्याशिवाय नमस्कार केला नाही, तो ‘हाय’ सोडून ‘आहे’ लिहून राहिला होता. आणि तेवढ्यात माझं घड्याळाकडं लक्ष गेलं. संध्याकाळ होत आली होती. माझा आज्ञाधारक आरसा आता मूळ साठ्यात पाहणार आणि तिथं नाही म्हणून इथलंही पुसणार.

बायकोला फोन लावला. “अवं, कॉम्प्युटरची वायर काढ!”

“कोणती?”

“सगळ्या काढ!”

तिनं खरोखर सगळ्या काढल्या. घरी पोचलो तर फ्रीज बंद, पंखा बंद, कूलर बंद, आणि ही पेपरानं वारा घेत बसलेली. नजर अशी, की उरलेला उकाडा मलाच पुरावा. मी आधी इंटरनेटची वायर कायमची बाजूला केली, मग कॉम्प्युटर चालू केला. लाथ होती. अक्कल नसणं होतं. सगळं जागच्या जागी होतं.

काही दिवसांनी मित्राचा फोन आला.

“अबे, ते जुनं तुझ्यापाशी हाय का?”

“काहून? तूच तं काढलं ना?”

“काढलं गा. इथं कोणाले समजूनच नव्हतं राहिलं. पण काल भलती गर्मी झाली, अन् मले ती लाथेची ओळ वाचाची होती.”

“हाय माझ्यापाशी.”

“मंग पाठव ना. मिनिटाचं काम हाय.”

खरं तर मिनिटाचंही काम नव्हतं.

“वायर काढली हाय,” मी म्हणालो. “पाठवता येत नाही. घ्यायले ये.”

“खोटं बोलून राहिला.”

“ये अन् पाहून घे.”

तो हसला.

“तो मागं आवाज येऊन राहिला,” तो म्हणाला, “तो आपलाच हाय का?”

“आपलाच.”

“ऐकू दे.”

मी फोन कूलरसमोर धरला. घट्ट धरला होता म्हणून बरं, नाहीतर त्या वाऱ्यानं तो थेट त्याच्या पुढ्यात जाऊन पडला असता.